कॅन बस

कॅन बस : वाहनातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांना तारांच्या एकाच जोडीवरून परस्परांना संदेश पाठवू देणारी जाळ्याची पद्धती. ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘कॅन’ म्हणून ओळखली जाते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये तिच्या विकासास आरंभ केला, १९८६ मध्ये ती डेट्रॉइट येथे मांडली आणि १९९३ मध्ये आयएसओ ११८९८ हे तिचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. टाटा मोटर्सच्या पिंपरी आणि महिंद्र व फोक्सवागनच्या चाकण येथील कारखान्यांत मोटारींची जुळणी होते, तेव्हा वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आलेले नियंत्रक (ईसीयू) एकमेकांचे संदेश ओळखू शकतात. कारण संदेश वाहून नेण्याचे नियम आणि त्यातील अंकांचा अर्थ, या दोन्ही बाबी आधीच ठरलेल्या असतात.

जाळ्याची रचना : सर्व ईसीयू पीळ दिलेल्या दोन तारांना जोडलेले असतात व तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध बसवतात. दोन तारांमधील विद्युत्‌दाबाच्या फरकावरून ० किंवा १ ओळखला जातो. ० किंवा १ अशा एका द्विमान अंकास बिट व ८ बिटांच्या गटास बाइट म्हणतात. बाहेरचा विद्युत् व्यत्यय दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडत असल्याने हा फरक सहसा बिघडत नाही. संदेशाच्या ठरावीक बांधणीस फ्रेम म्हणतात. मूळ स्वरूपाच्या फ्रेममध्ये ११ बिटांचा ओळखक्रमांक, कमाल ८ बाइट माहिती आणि चूक पकडण्यासाठी १५ बिटांची पडताळणी संख्या असते. दोन ईसीयूंनी एकाच वेळी संदेश सुरू केल्यास तारेवर ० हा १ वर मात करतो. त्यामुळे लहान ओळखक्रमांकाचा संदेश अखंड पुढे जातो, तर दुसरा ईसीयू थांबून नंतर पुन्हा प्रयत्न करतो.

माहितीचे निरूपण : बिटांना स्वतःचा असा अर्थ नसतो, तो संकेताने ठरतो. वाहनातील दोष तपासणाऱ्या स्कॅनरसाठी ठरलेल्या मानकानुसार इंजिनाचे तापमान एका बाइटमध्ये येते व वाचलेल्या संख्येतून ४० वजा करतात. त्यामुळे ० ते २५५ या संख्यांतून उणे ४० ते २१५ अंश सेल्सिअस तापमान दाखवता येते. इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांसाठी दोन बाइट लागतात : पहिल्या बाइटला २५६ ने गुणून त्यात दुसरा मिळवतात व बेरजेला ४ ने भागतात. बाइट ४६ आणि २२४ असल्यास बेरीज १२,००० व फेऱ्या ३,००० होतात.

अक्षरांसाठी आस्की हा संकेत वापरतात. त्यात ‘एम’ म्हणजे ७७, ‘ए’ म्हणजे ६५ आणि ‘टी’ म्हणजे ८४. टाटा मोटर्सच्या वाहनांचा १७ चिन्हांचा ओळखक्रमांक याच तीन रोमन अक्षरांनी सुरू होतो. तो एका फ्रेममध्ये मावत नसल्याने स्कॅनरकडे तीन फ्रेममधून पाठवला जातो : पहिल्या फ्रेममध्ये संदेशाची लांबी व प्रकार सांगणाऱ्या बाइटांसह ३ चिन्हे, पुढील दोन फ्रेममध्ये प्रत्येकी ७ चिन्हे व फ्रेमचा अनुक्रम दर्शवणारा एक बाइट असतो. या अनुक्रमावरून स्कॅनर तुकडे जोडतो.

मर्यादा : मूळ कॅनचा कमाल वेग सेकंदाला १० लाख बिट असून तो सुमारे ४० मीटर लांबीपर्यंतच मिळतो. शिवाय संदेश खरोखर कोणी पाठवला, हे पडताळण्याची सोय मूळ पद्धतीत नाही. २०१२ मध्ये बॉशने मांडलेल्या कॅन एफडी या सुधारित पद्धतीत एका फ्रेममध्ये ६४ बाइटपर्यंत माहिती मावते. कॅमेऱ्यासारख्या अधिक माहिती निर्माण करणाऱ्या साधनांसाठी आता वाहनांत इथरनेटही वापरतात.