मेरुतंत्रिका रोध

मणक्यातून बाहेर पडणाऱ्या ठरावीक तंत्रिकेजवळ बधिर करणारे औषध सोडून तिची वेदना तात्पुरती थांबवण्याची पद्धत. बोलीत 'मणक्यातलं इंजेक्शन'. मेरुतंत्रिकांच्या 31 जोड्या असतात. त्यांतली नेमकी कोणती दुखते हे ओळखणे, हा या पद्धतीचा अधिक मोलाचा उपयोग.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात 'मणक्यात गॅप', 'नस दबली' हे शब्द घरोघरी ऐकू येतात. एमआरआयमध्ये अनेकदा मणक्यांमधल्या दोन-तीन चकत्या फुगलेल्या दिसतात. पण तशा त्या काहीही न दुखणाऱ्यांतही आढळतात. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती बहुधा पाचव्या तंत्रिकेला दाबते आणि कळ पोटरीच्या बाहेरून पायाच्या अंगठ्याकडे उतरते. त्याखालची तंत्रिका दबली तर कळ पोटरीमागून करंगळीकडे जाते. लक्षणे इतकी स्पष्ट नसतील तेव्हा रोध करतात. सी-आर्म क्ष-किरण यंत्राखाली सुई तंत्रिकेपाशी नेऊन सुमारे 1 मिलि. लिडोकेन देतात, जास्त दिले तर ते शेजारच्या तंत्रिकेपर्यंत पसरते आणि निदान फसते. मग रुग्णाला वाकायला, चालायला लावतात. औषधाचा अंमल असेपर्यंत नेहमीची कळ निम्म्याहून कमी झाली, तर संशय त्या तंत्रिकेवर पक्का होतो.

पॅरिसमध्ये सिकार व कातलँ या डॉक्टरांनी 1901 मध्ये माकडहाडाकडून औषध देऊन पाहिले. टोरांटोच्या डॉ. मॅकनॅब यांनी 1971 मध्ये दुखरे तंत्रिकामूळ शोधण्यासाठी रोध वापरल्याचे नोंदवले. मणक्याच्या शस्त्रक्रियेआधी जागा नक्की करणे फार महत्त्वाचे, कारण चुकीची चकती काढून कळ जात नाही.

उपचारासाठी रोधाच्या औषधात स्टेरॉइड मिसळतात. सूज ओसरते, पायात उतरणारी कळ काही आठवडे, कधी काही महिने कमी राहते. नुसत्या कंबरदुखीत फायदा तुटपुंजा. चकती जागेवर येत नाही. आराम पडला की व्यायाम सुरू करायचा असतो. पण उचल (आगाऊ मजुरी) घेतलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, हंगामात ती सवड नसते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणे तसेच चालू राहते. हा दोष औषधाचा नव्हे, मजुरीच्या व्यवस्थेचा आहे.

मधुमेहींची साखर काही दिवस वाढते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगावे. मानेत कणयुक्त स्टेरॉइड रक्तवाहिनीत गेल्यास पक्षाघात होऊ शकतो. अशा दुर्मीळ पण गंभीर धोक्यांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये इशारा दिला. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरता आली किंवा पाऊल लुळे पडू लागले, तर इंजेक्शनची वाट न पाहता तातडीने शल्यचिकित्सकाकडे न्यावे.