हळदीचा पुरावा : हिंगोलीच्या शेतापासून अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापर्यंत

१/ २८ मार्च १९९५. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने ५४०१५०४ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. विषय : जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर. चिरलेल्या बोटावर हळद दाबणे हा मराठी घरातील पहिला उपचार. तो कागदोपत्री मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राचा शोध ठरला. #थ्रेड

२/ या प्रकरणाचे महत्त्व हिंगोलीत अधिक सहज कळते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा संत नामदेवांच्या नरसीमुळे जसा ओळखला जातो, तसाच हळदीमुळेही. पावसाळ्याच्या तोंडावर बेणे लावायचे, आठ-नऊ महिने पीक जपायचे, मग काढणी, शिजवणी, वाळवणी आणि पॉलिश. त्यानंतर हळकुंड हिंगोली-वसमतच्या बाजारात पोहोचते.

३/ हळकुंडाचा पिवळा रंग ज्यामुळे येतो, ते द्रव्य म्हणजे कुरकुमीन. वाळलेल्या हळदीत त्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के. वनस्पती अशी संयुगे मुख्यतः स्वतःच्या संरक्षणासाठी तयार करतात. ओट्समधील ॲव्हेनॅन्थ्रमाइड्स याच फिनॉलिक संयुगांच्या विशाल कुळातील. माणसाच्या आरोग्याला त्यांचा उपयोग होतो का, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न.

४/ हळदीच्या औषधी वापराची नोंद मात्र जुनी आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ती 'हरिद्रा' या नावाने येते. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनीही तिची दखल घेतली. पोर्तुगीजांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थ 'देशी केशर' असा होतो.

५/ प्रयोगशाळेतील कथा १८१५ मध्ये सुरू होते. फोगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे काढून त्याला नाव दिले. हेच पेलेतिए पुढे १८२० मध्ये क्विनीन वेगळे करणाऱ्या जोडीतील एक. कुरकुमीनची रासायनिक रचना उलगडली १९१० मध्ये; १९४९ मध्ये त्याच्या जंतुरोधक गुणाविषयीचा लेख 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला.

६/ मग १९९५ मध्ये पेटंट मिळाले कसे? पेटंटवरील दोन्ही संशोधक, सुमन दास आणि हरिहर कोहली, भारतीय वंशाचेच होते. त्यामुळे 'परक्यांनी लुटले' एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. खरी मेख कायद्यात होती. तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार परदेशातील ज्ञान 'आधीच ज्ञात' ठरण्यासाठी ते छापील स्वरूपात किंवा पेटंटमध्ये असणे आवश्यक होते. परदेशातील नुसता वापर, मग तो कितीही पिढ्यांचा असो, ग्राह्य नव्हता.

७/ म्हणजे कोट्यवधी घरांतील आजीचा अनुभव पुरावा ठरत नव्हता. एक छापील पान ठरत होते. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, अर्थात सीएसआयआरने, ऑक्टोबर १९९६ मध्ये फेरतपासणीची मागणी केली. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले शास्त्रज्ञ.

८/ परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, हिंदी आणि उर्दू ग्रंथ होते. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातील १९५३ चा लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट कार्यालयाने पेटंटमधील सर्व दावे फेटाळले. पारंपरिक ज्ञानाच्या आधारे विकसनशील देशाने अमेरिकी पेटंट पाडल्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानले जाते.

९/ विजयाने एक उणीवही उघडी केली. प्रत्येक पेटंटसाठी असेच लढायचे तर वेळ आणि पैसा पुरणार कसा? त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाचे काम सुरू झाले. जुन्या ग्रंथांतील योग परदेशी पेटंट परीक्षकांना वाचता येतील अशा भाषांत आणि वर्गीकरणात आणणे, हा त्याचा उद्देश.

१०/ येथे एक गफलत टाळायला हवी. हा निकाल 'हळद नवी नाही' असे सांगतो. 'हळद सर्व रोग बरे करते' असे नाही. कुरकुमीन पाण्यात फारसे विरघळत नाही आणि आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी मिरीतील पायपरीनमुळे हे शोषण कित्येक पटींनी वाढल्याचे दाखवले. तरीही २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'तील परखड आढाव्याने कुरकुमीनच्या १२० हून अधिक वैद्यकीय चाचण्यांकडे बोट दाखवून, निर्विवाद यश एकाही काटेकोर चाचणीत दिसत नसल्याचे नोंदवले.

११/ परंपरेचा अभिमान आणि औषधाचा दावा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यासाठी ग्रंथ लागतो, दुसऱ्यासाठी चाचणी. ज्या काटेकोरपणाने आपण १९९६ मध्ये अमेरिकेकडून न्याय मागितला, तोच काटेकोरपणा समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या 'हळदीचे शंभर फायदे' या संदेशांनाही लावला पाहिजे.

१२/ हिंगोलीत या लढ्याचे पुढचे पान लिहिले जात आहे. वसमत येथे बाळासाहेब ठाकरे हरिद्रा (हळद) संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. वायगाव आणि सांगली यांच्या हळदींनी हा मान आधीच मिळवला होता. मानांकनासाठीही पीक, माती आणि परंपरा यांची लेखी नोंद सादर करावी लागते.

१३/ मात्र मानांकनाने भाव आपोआप चढत नाही. त्या नावाने अधिकृतपणे माल विकण्यासाठी शेतकऱ्याला नोंदणी करावी लागते, दर्जा राखावा लागतो आणि ग्राहकानेही ते नाव मागावे लागते. १९९५ चे पेटंट एका छापील पानाअभावी मंजूर झाले आणि छापील पानांमुळेच पडले. म्हणून आज वसमतच्या शिवारात कोणते बेणे लावले, हळद कशी शिजवली, कुरकुमीन किती भरले, याची जी साधी वही ठेवली जाईल, तीच उद्याचा पुरावा ठरेल.