दयेचा अर्ज : सही राष्ट्रपतींची, निर्णय कुणाचा?

फाशीची बातमी आली की एक प्रश्न हमखास येतो : राष्ट्रपतींनी माफ केलं तर? हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी नामदेवमध्येही आम्ही तो ऐकला आहे. दिल्लीत एक व्यक्ती बसली आहे, तिचं मन वळलं की काम झालं, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात तसं नाही. म्हणून हा अधिकार कसा चालतो आणि घरच्यांच्या हातात काय उरतं, ते इथे देत आहोत.

अधिकार कुणाचा?

राज्यघटनेच्या कलम ७२ नुसार राष्ट्रपती आणि कलम १६१ नुसार राज्यपाल शिक्षा माफ करू शकतात, कमी करू शकतात, थांबवू शकतात. पण दोघांनाही मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मारू राम खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे अर्जाची खरी वाट गृहखात्यातून जाते. राजकारण शिरतं तेही तिथूनच. धर्म, जात किंवा राजकीय सोय पाहून दिलेली माफी कोर्ट रद्द करू शकतं, असं २००६ च्या निकालात म्हटलं आहे.

महाराष्ट्रात काय घडलं?

नौदल अधिकारी नानावटी यांना मार्च १९६० मध्ये मुंबई हायकोर्टाने जन्मठेप दिली. त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असताना असं करता येत नाही, असं न्यायालयाने नंतर ठरवलं. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

याकूब मेमनचं प्रकरण उलट दिशेचं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा जीव गेला होता. त्याचा पहिला अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला. २९ जुलै २०१५ ला राज्यपाल आणि राष्ट्रपती, दोघांनीही नव्या अर्जांना नकार दिला. सर्वोच्च न्यायालयात पहाटेपर्यंत सुनावणी चालली आणि ३० जुलैला सकाळी नागपूर जेलमध्ये फाशी झाली.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला. तरी जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. कारण एकच : अर्ज निकाली काढायला सरकारी यंत्रणेने लावलेली साडेसात वर्षांहून जास्त दिरंगाई. ज्यांची मुलं गेली, त्यांनीही एवढी वर्षं वाटच पाहिली.

माफी वेगळी, सूट वेगळी

बिल्किस बानो प्रकरणातले ११ दोषी १५ ऑगस्ट २०२२ ला सुटले, ते राष्ट्रपतींच्या माफीने नव्हे. गुजरात सरकारने त्यांना कायद्यातली शिक्षेची सूट दिली होती. खटला मुंबईत चालला असल्याने हा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ ला ती सूट रद्द केली. दोषींना पुन्हा जेलमध्ये जावं लागलं.

आणखी एक गैरसमज. काही मुस्लिम देशांत मयताचे वारस दियत घेऊन खून माफ करू शकतात. भारतात खुनाच्या खटल्यात तसं होत नाही. वारसांचं म्हणणं अर्जाला जोडता येतं, पण सरकार त्याला बांधील नसतं.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७२ लागू आहे. फाशीचा अर्ज कैदी स्वतः, त्याचा वारस किंवा नातेवाईक करू शकतो. अपील फेटाळल्याचं जेल अधीक्षकांनी कळवल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. आधी राज्यपालांकडे अर्ज केला आणि नकार आला, तर राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस मिळतात. निर्णयावर अपील नाही. मात्र २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालानुसार नकार कळवल्यानंतर फाशीपर्यंत किमान १४ दिवस द्यावेच लागतात.

कैदेतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. नरसीच्या माणसाने त्यासाठी हिंगोलीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. अर्जाची प्रत, पोच आणि प्रत्येक पत्राची तारीख जपून ठेवावी. गावित बहिणींची फाशी टळली ती कुणाच्या दयेने नाही, अशाच तारखांच्या हिशेबाने.