राखड घरात येतेच, मग सफाई कशानं करायची? स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी घर स्वच्छ ठेवण्याची माहिती

खापरखेडा (ता. सावनेर) : सकाळी झाडून-पुसून घ्या, संध्याकाळी खिडकीवर बोट फिरवा, राखाडी थर तयार. खापरखेडा आणि आसपासच्या गावांत हे नेहमीचंच. इथलं महानिर्मितीचं वीज केंद्र १३४० मेगावॅटचं, शेजारीच कोराडीचं केंद्र. त्यात कोळशाची भुकटी, ट्रकमधून उडणारी राखड आणि रस्त्याची धूळ. त्यामुळे इथल्या घरात फिनाईल, ॲसिड, पावडर यांचा वापर वाढतो. पण बरीचशी सफाई घरातल्याच स्वस्त वस्तूंनी होते. फक्त कोणती वस्तू कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे माहीत पाहिजे.

चुलीची राख वेगळी, राखड वेगळी

लाकडाच्या राखेत क्षार असतो. तो भांड्यावरच्या तेलकटपणाशी मिळून साबणासारखं काम करतो. म्हणून आजीच्या काळापासून भांडी राखेनं निघतात.

वीज केंद्राची राखड मात्र दगडी कोळशाची. ती मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनाची बारीक भुकटी, त्यात आर्सेनिक, शिसे, पारा यांसारखे विषारी धातूही थोड्या प्रमाणात असतात. सिमेंट आणि विटांसाठी ती चालते, पण तिनं भांडी किंवा दात घासू नका. सिगडीतल्या दगडी कोळशाची राख आणि प्लास्टिक किंवा रंग दिलेलं लाकूड जाळलेल्या चुलीची राखही भांड्यांना नको.

या राखडीचा त्रास सरकारदरबारीही पोहोचला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी पारशिवनी तालुक्यातील नांदगावला भेट देऊन तिथल्या तलावात राखड टाकणं थांबवण्याचे आदेश दिले होते.

आधी ओला कपडा, मग झाडू

कोरड्या झाडूनं बारीक राखड हवेत उडते आणि श्वासावाटे छातीत जाते.

- खिडकी, कपाट, टीव्ही आधी ओल्या फडक्यानं पुसा. झाडण्याआधी फरशीवर थोडं पाणी शिंपडा.
- पोछ्याचं पाणी प्रत्येक खोलीला बदला. नाहीतर तीच राखड दुसऱ्या खोलीत पसरते.
- पिण्याच्या पाण्याचा माठ आणि शिजवलेलं अन्न झाकून ठेवा.
- कूलर बाहेरची धूळ आत ओढतो. त्याच्या ताट्या धुवा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करा, म्हणजे डेंग्यूचे डासही होणार नाहीत.

कोणत्या कामाला काय?

तेलकट भांडी, कपडे : १०-१२ रिठे फोडून बिया काढा. एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५ मिनिटं उकळून गाळा. फेसाचं पाणी तयार. दोन-तीन दिवसांतच संपवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

तांब्या-पितळेची भांडी : चिंच किंवा लिंबू आणि मीठ. घासून लगेच धुवा. आंबट पदार्थ अशा भांड्यात ठेवू नका.

नळ, बादलीवरचे पांढरे डाग : हे जड पाण्यातले क्षार. व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग घासा. पण शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर आंबट काहीच टाकू नका, दगड खराब होतो.

गॅस शेगडी, ओटा : संत्र्याच्या सालीतलं तेल चिकटपणा काढतं. हंगामात साली फेकू नका. बरणीत भरून त्यावर पांढरं व्हिनेगर ओता, दोन आठवड्यांनी गाळा. तेवढंच पाणी मिसळून पुसा. ओटा दगडी असेल तर रिठ्याचं पाणी बरं.

करपलेलं भांडं : खाण्याचा सोडा आणि पाणी उकळून थंड करा, मग घासा. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा आणि राख लावून ठेवू नका, ते काळं पडतं. धुण्याचा सोडा वेगळा आणि तिखट असतो, हाताची कातडी सोलते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकले की फसफसतं, म्हणून अनेकांना जास्त जोर वाटतो. खरं तर दोघं एकमेकांचा परिणाम घालवतात. वेगवेगळे वापरा.

हे मिसळाल तर जीवावर बेतेल

संडासाचं ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. ब्लिचिंगमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर टाकलं तरी तोच वायू निघतो. उग्र वास आला तर सगळं तिथेच सोडून मोकळ्या हवेत या.

ॲसिड, फिनाईल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान मूल पाणी समजून पितं. कोणी प्यायलंच तर उलटी करवू नका. १०८ वर फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

नैसर्गिक म्हणजे जंतुनाशक नव्हे

लिंबू, सोडा, रिठा मळ काढतात, पण सगळे जंतू मारत नाहीत. घरात हगवण-उलटीचा रुग्ण असेल तर संडास आणि घाण झालेल्या जागेसाठी ब्लिचिंग पावडरचं पाणीच वापरा, तेही एकटंच. हात साबणानं धुवा. शेणाच्या सारवणाशी उघड्या जखमेचा आणि बाळाच्या नाळेचा संबंध येऊ देऊ नका, धनुर्वाताचा धोका असतो.

आणि एक गोष्ट. रोज पुसून घर स्वच्छ होईल, पण राखड येणं थांबणार नाही. उघड्या ट्रकमधून राखड सांडत असेल तर तारीख, वेळ आणि फोटोसह ग्रामपंचायतीकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच जपून ठेवा.