ग्लासगोच्या नगरसभेचे निकाल

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरांत २००३ सालच्या मे महिन्यांत नगरसभेची निवडणूक झाली. त्या वेळीं सभेच्या एकंदर ७९ जागा होत्या. त्यांपैकीं ७१ एकट्या मजूर पक्षानें जिंकल्या. असा निकाल कानीं पडला म्हणजे सारें शहर एकमुखानें त्या पक्षाच्या मागें उभें राहिलें, असाच कोणाचाहि समज व्हावा. वास्तविक शंभर मतांपैकीं सुमारें अठ्ठेचाळीस मतेंच त्या पक्षाला पडलीं होतीं. उरलेल्या बावन्नांच्या पदरीं आठ जागा आल्या! पुढें चार वर्षांनीं, ३ मे २००७ रोजीं, त्याच शहरांत त्याच पक्षाला ४५ जागा मिळाल्या. मतें घटलीं तीं शेंकडा चार-पांच. जागा मात्र सव्वीस गेल्या. मतदारांचीं मनें एवढीं पालटलीं नव्हतीं. पालटली होती ती मतें मोजण्याची रीत. आणि ती पालटण्यास ज्या पक्षानें संमति दिली, तोच तिच्यामुळें सर्वांत अधिक हानि सोसणार होता.

ही घटना नीट उमगण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. स्कॉटलंडच्या शहरांत नगरसभा फार पुरातन. परंतु १४६९ सालच्या एका कायद्यानें असें ठरविलें कीं, जुन्या सभेनेंच नव्या सभेची निवड करावी. म्हणजे ज्यांच्या हातीं किल्ल्या, त्यांनींच उद्यांचे किल्लेदार नेमावयाचे. ही व्यवस्था साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ चालली. नागरिकांनीं कर भरावे आणि हिशेब मागूं नये, हा तिचा सरळ अर्थ होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १८१७ सालीं अॅबर्डीन शहराचें दिवाळें निघालें, आणि १८३३ सालीं खुद्द राजधानी एडिंबरोवर तोच प्रसंग आला. लीथच्या गोदीवर केलेला खर्च तिला पेलला नाहीं. याच एडिंबरोच्या सभेंतील तेहतीस गृहस्थ १८३२ पर्यंत सबंध शहराच्या वतीनें पार्लमेंटचा प्रतिनिधीहि निवडीत असत, हें सांगितलें म्हणजे त्या कारभाराची कल्पना येईल.

१८३३ च्या कायद्यानें ही वहिवाट मोडली. वर्षाला दहा पौंड भाड्याच्या घरांत राहणाऱ्या पुरुषांना मत मिळालें आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत नव्या पद्धतीच्या निवडणुका झाल्या. दरवाजा उघडला खरा, पण फटीपुरताच. कारागीर बाहेर, मजूर बाहेर, स्त्रिया तर बाहेरच. घर चालविणाऱ्या कांहीं स्त्रियांना नगरसभेसाठीं मत १८८० नंतर मिळालें; सभासद होण्याचा अधिकार १९०७ सालीं आला. त्याच वर्षीं डॉलर नांवाच्या लहानशा गांवीं लॅव्हिनिया माल्कम या बाई निवडून आल्या, आणि १९१३ सालीं त्या तेथील नगराध्यक्षहि झाल्या.

ग्लासगोंत मात्र हा प्रश्न घरभाड्याच्या रूपानें पेटला. पहिलें महायुद्ध चालू असतां कारखान्यांसाठीं शहरांत माणसांची रीघ लागली आणि घरमालकांनीं भाडीं वाढविलीं. पुरुष रणांगणावर किंवा गोदींत. तेव्हां घर राखण्याचें काम बायकांवर आलें. गोव्हन भागांतील मेरी बार्बर यांनीं त्यांना एकत्र केलें. वाढीव भाडें कोणीं द्यावयाचें नाहीं, असा निश्चय झाला. घर खालीं करविण्यास बेलीफ आला कीं जिन्यांतून घंटा वाजे, शेजारणी धांवत येत आणि त्या बिचाऱ्या अंमलदारावर पिठाचा मारा होई. १७ नोव्हेंबर १९१५ रोजीं कांहीं भाडेकऱ्यांना कोर्टांत खेंचलें, तेव्हां हजारों बायका-पुरुष कोर्टासमोर जमले. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारहि त्यांत होते. खटले काढून घ्यावे लागले आणि त्याच वर्षअखेर भाडें गोठविणारा कायदा पार्लमेंटनें केला. पुढें १९२० सालीं ग्लासगोच्या सभेंत पहिल्यांदा स्त्रिया निवडून गेल्या, त्यांत मेरी बार्बर होत्या. पिठाची पिशवी घेऊन जिन्यांत उभी राहिलेली बाई सभागृहांत जाऊन बसली आणि १९२४ नंतर शहराची न्यायाधिकारी म्हणूनहि तिनें काम केलें!

मजूर पक्षाच्या हातीं ग्लासगो आलें तें १९३३ सालीं. तेव्हांहि मतमोजणीच्या रीतीनें आपला हात दाखविला होताच. एका कडव्या प्रॉटेस्टंट पक्षानें विरोधकांचीं मतें फोडलीं आणि त्याचा लाभ मजूर पक्षाला झाला. ज्या रीतींत सर्वांत अधिक मतें मिळविणारा एकटाच जिंकतो, तींत शत्रूंची फाटाफूट हीच अर्धी फत्ते असते.

स्कॉटलंडला दुसरी रीत ठाऊक नव्हती असें मात्र नाहीं. १९१८ च्या शिक्षणविषयक कायद्यानें जीं शिक्षणमंडळें निर्माण झालीं, त्यांच्या निवडणुका १९१९ पासून एकल संक्रमणीय मतपद्धतीनें होत. रोमन कॅथलिक अल्पसंख्याकांना त्यायोगें शाळांच्या कारभारांत आपल्या संख्येइतकें स्थान मिळे. १९२९ च्या कायद्यानें हीं मंडळें बरखास्त झालीं आणि ती रीतहि विस्मरणांत गेली. आपल्याकडे राज्यसभेचे सभासद विधानसभांचे आमदार याच पद्धतीनें निवडतात, म्हणून ती अगदींच परकी वाटूं नये. मतदारानें उमेदवारांपुढें एक, दोन, तीन असे पसंतीचे आंकडे घालावयाचे. चार जागांच्या विभागांत एकपंचमांशाहून किंचित् अधिक मतें ज्याला मिळतील तो निवडून आला. त्याचीं जादा मतें आणि तळाच्या उमेदवाराचीं मतें दुसऱ्या पसंतीकडे वळवावयाचीं.

२००३ सालीं स्कॉटिश पार्लमेंटांत मजूर पक्षाला सरकार बनविण्यास उदारमतवाद्यांची मदत हवी होती, आणि त्यांची अट हीच होती. कायदा २००४ सालीं झाला. २००७ सालीं स्कॉटलंडच्या ३२ नगर व प्रांतसभांतील १,२२२ जागांपैकीं मजूर पक्षाच्या ३४८ उरल्या. मागच्या खेपेस त्या ५०९ होत्या. स्कॉटिश राष्ट्रीय पक्ष १८१ वरून ३६३ वर गेला. बहुतेक सभांत कोणाचेंच बहुमत राहिलें नाहीं. आंकड्यांची मतपत्रिका सामान्य जनांना झेपणार नाहीं, अशी भीति पुष्कळांनीं घातली होती. परंतु त्याच दिवशीं झालेल्या पार्लमेंटच्या निवडणुकींतच बाद मतपत्रिका अधिक निघाल्या, सभांच्या बाबतींत तें प्रमाण शेंकडा दोनांच्या आंत राहिलें. एक गंमत मात्र घडली. एकाच पक्षाचे दोन उमेदवार असले कीं वर्णानुक्रमानें ज्याचें आडनांव आधीं, त्याला पहिली पसंती अधिक मिळे. हा दोष नव्या पद्धतीचा कीं मतदाराच्या आळसाचा, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

एवढें होऊनहि ग्लासगो मजूर पक्षाच्या हातून गेलें नाहीं. २०१२ सालींहि त्यानें तें राखलें. सोळा वर्षांच्या मुलामुलींनीं प्रथमच मत दिलेल्या २०१७ च्या निवडणुकींत तें गेलें. सभासदसंख्या ८५ झाली होती. राष्ट्रीय पक्षाला ३९, मजूर पक्षाला ३१, हुजूर पक्षाला ८ आणि हरित पक्षाला ७ जागा पडल्या. जवळजवळ चार दशकें ज्याची सत्ता होती तो विरोधी बांकांवर गेला. परंतु विजेत्यालाहि बहुमत नव्हतें, आणि २०२२ सालीं तर त्याला ३७ व मजूर पक्षाला ३६ जागा मिळाल्या.