घरगुती विजेच्या कामाची छोटी हत्यारपेटी

ऐन जेवणाच्या वेळी स्वयंपाकघरातील दिवा जातो. बल्ब बदलूनही उजेड पडत नाही. वायरमन दुसऱ्या दिवशी दुपारशिवाय येणार नसतो. मग माळ्यावरची गंजलेली पक्कड आणि भाजीची सुरी हाती घेऊन घरातील कोणीतरी स्टुलावर चढते आणि होल्डर उघडू लागते. शहरातील अनेक घरांत विजेची किरकोळ कामे अशीच उरकली जातात. बहुतेक वेळा ती निभावून जातात. मात्र ज्या दिवशी निभावत नाहीत, त्या दिवशी चूक सुधारण्याची संधी मिळेलच असे नाही. घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते आणि ओल्या हाताने तिच्याशी झालेला क्षणभराचा संपर्कही जीवघेणा ठरू शकतो. म्हणूनच निवडक हत्यारांची छोटी पेटी प्रत्येक घरात असावी.

कामाची मर्यादा

पेटीत काय ठेवायचे हे ठरवण्यापूर्वी घरच्या माणसाने कोणते काम करावे, याचा विचार आवश्यक आहे. विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे, असा नियम आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे यांची अदलाबदल मात्र त्यातून वगळलेली आहे. अट एवढीच की, मूळ मांडणीची क्षमता किंवा स्वरूप त्यामुळे बदलता कामा नये. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ही सूट होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही ती कायम राहिली. थोडक्यात, जळालेला होल्डर, बिघडलेला स्विच किंवा निसटलेली प्लगची वायर ही घरची कामे. तर गिझरसाठी नवी लाइन, भिंतीतील वायर किंवा मीटरजवळची जोडणी ही वायरमनची. काम लहान असल्याने पेटीही लहानच पुरते.

हत्यारे व साहित्य

स्क्रू ड्रायव्हर तीन असावेत: बोर्डाच्या स्क्रूसाठी रुंद पात्याचा, स्विचमधील बारीक स्क्रूसाठी अरुंद पात्याचा आणि एक ‘प्लस’ टोकाचा. आठ इंची पक्कड आणि निमुळत्या तोंडाची लहान पक्कड यांनी बहुतेक कामे होतात. वायर सोलण्यासाठी सुरी किंवा दात न वापरता वायर स्ट्रिपर वापरावा. सुरीने तांब्याच्या तारा तुटतात, उरलेल्या मोजक्या तारांवर सगळा भार येतो आणि तो जोड तापू लागतो. बोर्डाच्या आत लागणाऱ्या आगीचे मूळ अनेकदा अशा कच्च्या जोडात असते.

मुठीवर प्लास्टिकचे आवरण आहे म्हणून हत्यार विद्युतरोधक ठरत नाही. खऱ्या विद्युतरोधक हत्यारावर १००० व्होल्टची नोंद आणि दुहेरी त्रिकोणाचे चिन्ह असते. असे हत्यार असले तरी वीज चालू ठेवून काम करण्याची ती परवानगी नव्हे.

सुटे साहित्य म्हणून पीव्हीसी चिकटपट्टी, स्ट्रिप कनेक्टर, सहा अँपियरचा एक स्विच, एक होल्डर आणि एक तीन पिनांचा प्लग पुरेसा होतो. या वस्तू आयएसआय चिन्हाच्याच घ्याव्यात. डोक्याला बांधण्याची बॅटरी अवश्य ठेवावी. वीज बंद केल्यावर अंधार होतो आणि दोन्ही हात मोकळे लागतात.

टेस्टर किती विश्वासाचा?

बहुतेक घरांत असणारे विजेचे एकमेव साधन म्हणजे निऑन दिव्याचा टेस्टर. त्यातील मोठ्या रोधामुळे अत्यल्प प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीकडे जातो आणि दिवा पेटतो. त्याची मर्यादाही यातच आहे. कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो मंद पेटतो. भर उन्हात तो पेटलेला दिसतही नाही. शेजारच्या चालू वायरीमुळे कधी कधी बंद वायरीवरही तो उजळतो. न्यूट्रल तुटलेली असली आणि एखादे उपकरण चालू राहिले असले, तर सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो आणि दिवा मात्र लागत नाही. टेस्टर पेटला तर वीज आहे असे समजावे. पेटला नाही म्हणून वीज नाही, असे कधीही समजू नये.

त्यामुळे पेटीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे साधा डिजिटल मल्टिमीटर. त्यावर ‘कॅट-३, ६०० व्होल्ट’ ही श्रेणी छापलेली असावी. मोजणी तीन टप्प्यांत करावी. प्रथम वीज नक्की असलेल्या सॉकेटमध्ये मीटर २३० च्या आसपास आकडा दाखवतो का ते पाहावे. मग ज्या ठिकाणी काम करायचे तेथे फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थिंग असे तपासावे. शेवटी पुन्हा पहिल्या सॉकेटवर येऊन मीटर मधल्या काळात बिघडला नाही ना, याची खात्री करावी. लाल वायर चुकून अँपियरच्या छिद्रात ठेवून व्होल्ट मोजल्यास थेट शॉर्टसर्किट होते, हे ध्यानात ठेवावे.

वीज खरोखर बंद आहे का?

भिंतीवरचा स्विच बंद करणे पुरेसे नाही. काही जुन्या घरांत स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असतो. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहतेच. म्हणून त्या भागाचा एमसीबी किंवा मुख्य स्विच बंद करावा. तो इमारतीच्या मीटर खोलीत असल्यास त्यावर ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ अशी पाटी अडकवावी आणि शक्यतो एक माणूस तेथे उभा करावा.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत धोका अधिक फसवा असतो. मुख्य स्विच बंद करताच इन्व्हर्टरला वीज गेल्याचे कळते आणि तो बॅटरीतून दिवे-पंख्यांच्या वायरींत तितक्याच दाबाची वीज सोडतो. तेव्हा कामापूर्वी इन्व्हर्टरही बंद करून मीटरने पुन्हा तपासणे अनिवार्य आहे.

वायरींचे रंगही गोंधळात टाकतात. उपकरणांच्या दोरीत तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. भिंतीतील वायरिंगमध्ये मात्र लाल, पिवळी व निळी या तिन्ही वायरी फेजच्या असू शकतात आणि काळी न्यूट्रलची असते. म्हणजे एकीकडे निरुपद्रवी वाटणारी निळी वायर दुसरीकडे जिवावर बेतू शकते. रंग पाहून अंदाज बांधावा; निर्णय मात्र मीटरवरच सोपवावा.

थांबावे कधी?

एमसीबी वायरिंगचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. तो वारंवार पडतो म्हणून जास्त अँपियरचा बसवल्यास तो पडण्याआधी भिंतीतील वायर जळू शकते. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असतो. त्याचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे; घरात तो नसल्यास परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावा.

नळाला किंवा गिझरला हात लावताच झिणझिण्या येणे, बोर्ड गरम लागणे, जळका वास येणे, पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीत ठिणगी दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास मुख्य स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. कोणाला विजेचा धक्का बसलाच, तर त्या व्यक्तीला हात न लावता आधी वीजपुरवठा बंद करावा.

पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस एक कागद चिकटवून ठेवावा. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, इन्व्हर्टर कोठे बंद होतो आणि वायरमनचा दूरध्वनी क्रमांक काय, एवढेच त्यावर लिहिलेले असावे. अंधारात पेटी उघडणाऱ्या माणसाने स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी तो कागद वाचावा.