वॉर्साच्या उद्यानातील शोपँ

पोलंडची राजधानी वॉर्सा. तेथील वाझेन्की उद्यानात जलाशयाच्या काठी, वाऱ्याने वाकलेल्या विलो वृक्षाखाली फ्रेडरिक शोपँ या पियानोच्या थोर संगीतकाराची ब्राँझमूर्ती बसलेली आहे. १८३० साली, ऐन विशीत, शोपँने हे शहर सोडले. त्याच महिन्यात रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला. तो चिरडला गेला आणि शोपँ मायदेशी परतलाच नाही. १८४९ साली त्याने पॅरिसमध्ये देह ठेवला. देह तेथेच राहिला. हृदय मात्र बहिणीने वॉर्साला आणले.

शिल्पकार शिमानॉफ्स्की यांनी स्मारकाची कल्पना शतकारंभीच मांडली होती. परंतु परकी सत्ता आणि महायुद्ध यांमुळे अनावरणास १९२६ साल उजाडले. पुढे अवघ्या चौदा वर्षांनी, ३१ मे १९४० रोजी, नाझींनी ते सुरुंगाने उडवले. शोपँचे संगीत जाहीरपणे वाजवण्यासही त्यांनी बंदी घातली. तरीही खासगी घरांतून गुप्त मैफली होत राहिल्या. मूर्ती फुटली, सूर फुटला नाही.

१९५८ साली स्मारक पुन्हा उभे राहिले. १९५९ पासून उन्हाळ्यातील रविवारी मूर्तीच्या पायथ्याशी पियानो वाजू लागला. आजही लोक हिरवळीवर बसून, तिकिटावाचून, एके काळी ज्यास बंदी होती तेच संगीत ऐकतात.